थेंबांनी अडवलेल्या लहरी

२०२० सालच्या पावसाळ्यात शाळा बंद होत्या आणि शिकवणे चालू होते. खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, घाटाकडच्या पट्ट्यात आमचे हायस्कूल आहे. त्या वर्षी दहावीचा वर्ग मोबाईलवर भरत असे. मुले कोणी गोठ्याच्या ओट्यावर, कोणी माळावरच्या आंब्याखाली, कोणी देवळाच्या कट्ट्यावर, जिथे 'टॉवर' मिळेल तिथे बसत. मी इतिहास शिकवीत होतो. आषाढातली एक मोठी सर आली की वर्गातले चेहरे एकेक करून थिजत आणि मग सगळेच नाहीसे होत. सर ओसरली की पुन्हा उगवत. दुसऱ्या दिवशी एका मुलाने मला विचारले, "सर, टॉवर फुल्ल दाखवतो. मग नेट का जातंय?"

प्रश्न बरोबर होता. फोनच्या पडद्यावरच्या काड्या पूर्ण होत्या. वीज होती, टॉवरवरचा दिवा जळत होता. तरी पाऊस कोसळताना गावाचा जगाशी संबंध तुटत होता. काही दिवसांनी टॉवरच्या देखभालीला एक तरुण आला. त्याला मी तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "सर, तुमच्या फोनपासून टॉवरपर्यंत काही अडचण नाही. टॉवरवर ती गोल तबकडी दिसते ना, ती पलीकडच्या डोंगरावरच्या तबकडीशी बोलते. मोठ्या पावसात त्या दोघींना एकमेकींचं ऐकू येत नाही. आम्ही तरी काय करणार? वरून पाऊस येतो."

मी एम. ए. झालो तो इतिहासात. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध अकरावीनंतर संपला. पण 'वरून पाऊस येतो' हे उत्तर मला स्वस्थ बसू देईना. पाऊस लहरींना अडवतो हे कोणाला, केव्हा, कसे कळले, हा प्रश्न तर इतिहासाचाच होता. पुढची दोन वर्षे मिळेल ते वाचत गेलो. हाती लागलेली हकिकत वाचकांपुढे ठेवतो.

हिची सुरुवात आपल्याच देशात होते. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले प्राध्यापक जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युत्‌चुंबकीय लहरी निर्माण केल्या. त्यांच्या सर्वांत आखूड लहरी पाच मिलिमीटरच्या होत्या. आजच्या भाषेत सांगायचे तर साठ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साठ अब्ज आंदोलने. कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी या अदृश्य लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली, बंदुकीची दारू पेटवून दाखवली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले. लहर आखूड असली की उपकरण लहान होते आणि प्रकाशासारखे तिचे परावर्तन, वक्रीभवन टेबलावर मांडून दाखवता येते, यासाठी बोसांना आखूड लहरी हव्या होत्या. त्यांचे प्रयोग छपराखाली झाले. पावसाशी त्यांची गाठ पडण्याचे कारणच नव्हते.

मार्कोनीने उलटी वाट धरली. त्याला अंतर हवे होते आणि लांब लहरी दूर जातात असा अनुभव येत होता. १९०१ च्या डिसेंबरात त्याने अटलांटिकपार संदेश पोचवला, तो शेकडो मीटर लांबीच्या लहरींवर. पुढची तीस-पस्तीस वर्षे बिनतारी जगाने बोसांच्या मिलिमीटर लहरींकडे जवळजवळ पाठ फिरवली. शेकडो मीटर लांबीच्या लहरीला पावसाचा थेंब म्हणजे भरतीच्या लाटेला वाळूचा कण. मुंबई केंद्राच्या बातम्या धो धो पावसातही ऐकू येत. मधूनमधून येणारी खरखर विजांची असे, पावसाची नव्हे.

त्याच काळात थेंबांचा अभ्यास मात्र चालू होता आणि तो करणाऱ्यांच्या मनात बिनतारी लहरी नव्हत्याच. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात जेरिको गावी विल्सन बेंटली नावाचा एक शेतकरी राहत असे. हिमकणांची सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे काढणारा म्हणून त्याचे नाव झाले आहे. पावसाच्या थेंबाचा आकार कसा मोजायचा, याची त्याने काढलेली युक्ती इतकी घरगुती आहे की वाचताना मला हसू आले. पसरट भांड्यात चाळलेले पीठ घ्यायचे, क्षणभर पावसात धरायचे आणि आत आणायचे. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी होते. गोळ्या वाळल्या की चाळून मोजायच्या. ठाऊक असलेल्या आकाराचे थेंब आधी पिठावर पाडून कोणत्या थेंबाची केवढी गोळी होते हे त्याने ठरवून ठेवले होते. त्याचा लेख १९०४ साली अमेरिकी हवामान खात्याच्या मासिकात छापून आला. कॉलेजचे तोंड न पाहिलेल्या त्या माणसाच्या पिठाचा पुढे काय उपयोग होणार, हे त्या मासिकाच्या संपादकांनाही सुचले नसेल.

१९०८ साली गुस्टाव्ह मी या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने एक अवघड गणित सोडवले. पाण्यात तरंगणाऱ्या सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना निरनिराळे रंग का दिसतात, हा त्याचा प्रश्न. उत्तरादाखल त्याने एका गोल कणावर लहर आदळली की तिचा किती भाग विखुरतो आणि किती शोषला जातो याची संपूर्ण मांडणी दिली. कण सोन्याचा असो वा पाण्याचा, लहर प्रकाशाची असो वा रेडिओची, गणित तेच. फक्त लहरीची लांबी आणि कणाचा घेर यांचे प्रमाण काय, हे पाहायचे. लहर थेंबाहून फार मोठी असेल तर तिला थेंबाची दखलही घ्यावी लागत नाही. ती आखूड होत थेंबाच्या मापाजवळ येऊ लागली की थेंब तिला विखुरतो. शिवाय पाण्याचे रेणू लहरीच्या तालावर वळू पाहतात, मागे पडतात आणि लहरीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गिळून टाकतात. पिठाची गोळी आणि सोन्याचा कण यांची गाठ पडायला मात्र महायुद्ध यावे लागले.

फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघांनी पोकळ-मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. सुमारे दहा सेंटिमीटरच्या लहरी, आणि त्याही रडारला पुरतील इतक्या जोरकस, प्रथमच हाती आल्या. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात ब्रिटिश शिष्टमंडळ ते उपकरण अमेरिकेत घेऊन गेले आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत रडारसाठी मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. दहा सेंटिमीटर साधले तसे तीन सेंटिमीटर साधले. आखूड लहरीला लहान तबकडी पुरते, ती विमानाच्या नाकात मावते आणि चित्र अधिक रेखीव येते. मग पुढची उडी ठरली, सव्वा सेंटिमीटर. या पट्ट्याला 'के' असे सांकेतिक अक्षर दिले गेले.

इथे थोडे थांबतो, कारण या कथेतला मला सर्वांत बोलका वाटणारा प्रसंग हाच आहे. हार्वर्डचे जॉन व्हॅन व्हलेक यांनी १९४२ साली एका अहवालात दाखवून दिले, की पाण्याची वाफ याच पट्ट्याच्या आसपास लहरी शोषते. शोषण नेमके कुठे आणि किती, हे कोणी मोजलेले नव्हते, त्यामुळे आकडे अंदाजाचे होते. पण इशारा स्पष्ट होता. बेल प्रयोगशाळेत चार्ल्स टाऊन्स नावाचा तरुण या रडारच्या आखणीवर काम करीत होता. त्यालाही ही शंका आली आणि त्याने ती वरिष्ठांपुढे मांडली. निर्णय झालेला आहे, आता मागे फिरता येणार नाही, असे त्याला सांगण्यात आले. हे उत्तर वाचून मला अनेक सरकारी-निमसरकारी बैठका आठवल्या. असो. उपकरणे तयार झाली, आणि दमट हवेत त्यांची नजर इतकी थोडकी ठरली की युद्धात त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. शोषणाची रेषा २२.२ गिगाहर्ट्झला, म्हणजे सुमारे १.३५ सेंटिमीटरला निघाली. निवडलेल्या लहरीच्या अगदी शेजारी!

या चुकीचा ठसा आपल्या घरावरच्या तबकडीवर आजही आहे. 'के' पट्ट्याचा मधला भाग दूरच्या कामाला निरुपयोगी ठरला तेव्हा त्याचे दोन काठ वेगळे काढण्यात आले. खालचा 'केयू' आणि वरचा 'केए'. टीव्हीची छत्री बसवणारा माणूस 'केयू बँड' म्हणतो तेव्हा तो नकळत १९४२ च्या त्या न ऐकलेल्या इशाऱ्याचा उच्चार करीत असतो. टाऊन्सने मात्र त्यातून सोने काढले. वाफ लहरी शोषते, म्हणजेच लहरींनी रेणू वाचता येतात, हे त्याने धरले. युद्धानंतर प्रयोगशाळांना मिळालेली ही शिल्लक उपकरणे त्या संशोधनाला कामी आली आणि १९५४ साली अमोनियाच्या रेणूंवर त्याचा मेझर चालला. १९६४ चे नोबेल पारितोषिक त्यात त्याला मिळाले, व्हॅन व्हलेक यांना त्यांच्या अन्य कामासाठी १९७७ साली.

वाफ ही एक अडचण झाली. ती सदैव असते आणि ठराविक पट्ट्यातच फार नडते. थेंबांची तऱ्हा वेगळी. इंग्लंडमध्ये वेम्बली इथल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत जे. डब्ल्यू. राइड यांनी १९४१ पासून हा हिशेब मांडायला घेतला. ढग, पाऊस, गारा, धूळ यांनी सेंटिमीटर लहरी किती परततील आणि किती क्षीण होतील, हे मी याच्या गणिताने काढायचे. ही ब्रिटिश जनरल इलेक्ट्रिक. अमेरिकेतली त्याच नावाची कंपनी वेगळी. गणित तयार होते, पण मोठ्या पावसात कोणत्या आकाराचे किती थेंब असतात, हे ठाऊक हवे होते. ते आले जमिनीच्या धुपेचा अभ्यास करणाऱ्यांकडून. अमेरिकेच्या मृद्‌संधारण खात्यातल्या लॉज आणि पार्सन्स यांनी १९४३ साली पावसाची तीव्रता आणि थेंबाचा आकार यांचे कोष्टक प्रसिद्ध केले होते. थेंब केवढ्या जोराने माती उखडतो, एवढीच त्यांची चिंता. आणि त्यांची पद्धत कोणती? बेंटलीची पिठाची!

युद्ध संपताच आकडे उघड झाले. एप्रिल १९४६ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या रॉबर्टसन आणि किंग यांनी प्रत्यक्ष पावसात घेतलेली मोजमापे छापली. एक सेंटिमीटरच्या आसपासची लहर मध्यम पावसातही लक्षात येण्याइतकी क्षीण होते. तीन सेंटिमीटरच्या पुढची लहर ढगफुटीसारखा पाऊस सोडला तर फारशी हटत नाही. त्याच वेळी सहा मिलिमीटर लहरींची मोजमापे जी. ई. म्यूलर यांनी दिली. हे म्यूलर पुढे माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अपोलो कार्यक्रमाचे एक प्रमुख झाले. १९४८ साली माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातल्या मार्शल आणि पामर यांनी रंग लावलेल्या गाळणकागदावर थेंबांचे डाग घेऊन एक सोपे सूत्र बसवले. पाऊस जितका जोरात, तितके मोठ्या थेंबांचे प्रमाण अधिक, आणि लहान थेंबांकडून मोठ्यांकडे जाताना संख्या कशी झपाट्याने उतरते, ते त्यात आहे. लेख जेमतेम दोन पानांचा. जगभरचे अभियंते आजही त्याचा आधार घेतात.

मोठ्या थेंबाबद्दल एक गोष्ट शिक्षक म्हणून नोंदवली पाहिजे. आपण फळ्यावर थेंब काढतो तो वर टोक आणि खाली फुगीर असा. खरा थेंब तसा नसतोच. लहान थेंब गोल असतो. मोठा थेंब पडताना खालून हवेचा दाब लागून चपटा होतो, थापण्यापूर्वी परातीत ठेवलेल्या भाकरीच्या गोळ्यासारखा. त्याची आडवी रुंदी उंचीपेक्षा जास्त असल्याने आडवी आंदोलने करणारी लहर पावसात अधिक मार खाते आणि उभी आंदोलने करणारी थोडा कमी. त्यामुळे अडचणीच्या लांब टप्प्यावर अभियंते तबकडी उभ्या आंदोलनाची ठेवणे पसंत करतात. तेव्हापासून मी फळ्यावर टोकाचा थेंब काढत नाही.

१९५१ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सूक्ष्मलहरींच्या मनोऱ्यांची माळ पुरी झाली आणि टेलिफोनची संभाषणे, टेलिव्हिजनची चित्रे त्यावरून धावू लागली. मनोऱ्यामनोऱ्यांत सुमारे तीस मैलांचे अंतर. कंप्रता चार गिगाहर्ट्झ, म्हणजे लहर साडेसात सेंटिमीटरची. पाऊस तिला जवळजवळ जाणवतच नाही. हे चार आणि सहा गिगाहर्ट्झचे रस्ते पुढच्या पंधरा-वीस वर्षांत भरून गेले. वरच्या कंप्रतांना जागा भरपूर, माहिती वाहून नेण्याची ताकदही भरपूर. म्हणून अकरा, मग अठरा गिगाहर्ट्झ असे चढत जावे लागले. तिथे पाऊस वाट पाहत उभा होता.

अभियंत्यांना आता नवी माहिती हवी होती आणि ती कोणत्याच हवामान खात्याकडे नव्हती. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, मागच्या चोवीस तासांचा मिळून. शेतकऱ्याला, धरणवाल्याला तेवढे पुरते. लहरीला मात्र दिवसाच्या पावसाशी कर्तव्य नसते. या मिनिटाला, या तीन-चार किलोमीटरांत किती जोराचा पाऊस आहे, एवढेच तिला पाहायचे असते. दिवसभर रिपरिप करून पडलेला शंभर मिलिमीटर पाऊस तिला विशेष त्रास देत नाही. तेच पाणी तासाभरात कोसळले तर ती आंधळी होते. न्यू जर्सीतल्या होल्मडेल परिसरात बेल प्रयोगशाळेने १९६० च्या दशकात शंभराच्या आसपास पर्जन्यमापकांचे जाळे पसरले, ते क्षणाक्षणाचा पाऊस टिपण्यासाठी. त्यातून दिसले, की जोराच्या पावसाचे गाभे लहान असतात, काही किलोमीटरांचे. ते सरकतात. एका टोकाला धुवांधार असताना दुसऱ्या टोकाला नुसते भुरभुरत असते. म्हणून लांब टप्प्याचा हिशेब टप्प्याच्या लांबीने सरळ गुणून येत नाही, तो थोडा कमी करावा लागतो.

आपल्या भागाला हे लावून पाहा. आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, विजयपूरला सहाशेच्या आसपास. बारा पटींचा फरक. आंबोलीत लहरींचे बारा पट हाल होतील असे कोणालाही वाटेल. पण वळवाच्या वादळात विजयपूरच्या माळावर जो पंधरा मिनिटांचा तडाखा बसतो, तो त्या पंधरा मिनिटांपुरता आंबोलीच्या मोठ्या सरीची बरोबरी करू शकतो. फरक आहे तो अशी मिनिटे वर्षातून किती येतात यात. अभियंते वर्षाचा दहा हजारावा भाग धरतात. म्हणजे वर्षात सुमारे त्रेपन्न मिनिटे दुवा तुटला तरी चालेल, त्याहून जास्त नको. हवामानाच्या तक्त्यातून वर्षाची सरासरी पाहून त्या त्रेपन्न मिनिटांचा अंदाज येत नाही, हे कळायला माणसाला इतकी वर्षे लागली.

थेंबांचा आकारही जागेप्रमाणे बदलतो. आपल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या रमणमूर्ती आणि गुप्ता यांनी दिल्ली आणि खंडाळा इथल्या नैर्ऋत्य मोसमी पावसाचे थेंब मोजून १९५९ साली प्रसिद्ध केले. घाटमाथ्यावर ढग डोंगराला टेकून चढतात आणि फार उंच न वाढताच पाणी सोडतात, त्यामुळे त्यांचे थेंब बारीक आणि संख्येने अमाप असतात. २०१२ पासून महाबळेश्वरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची ढगांची प्रयोगशाळा आहे, तिथेही या थेंबांवर काम चालते. समशीतोष्ण देशांतल्या थेंबांवर बसवलेली सूत्रे आपल्या घाटाला जशीच्या तशी लावली तर हिशेब चुकणार, हे उघड आहे.

उपग्रहांची गोष्ट थोडक्यात. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' प्रयोगाखाली देशातल्या २,४०० खेड्यांत अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून टेलिव्हिजन दिसला. कर्नाटकात विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे त्यात होते. विजापूरकडच्या माझ्या मामांनी चावडीपुढे बसून तो पाहिला होता आणि पुढे कित्येक वर्षे ते त्याचे वर्णन सांगत. तो खेड्यापर्यंत येत होता ८६० मेगाहर्ट्झवर, लहर पस्तीस सेंटिमीटरची. पावसाने तिचे काही बिघडत नसे. मजा ही की त्याच उपग्रहावर वीस आणि तीस गिगाहर्ट्झचे प्रेषकही होते आणि त्याच वर्षी युरोपातली केंद्रे त्यावरून पाऊस लहरी किती खातो ते मोजत होती. एकाच यंत्राने विजापुरात शेतीचे कार्यक्रम दाखवले आणि युरोपात पावसाची परीक्षा घेतली.

आपले इन्सॅट उपग्रह सुरुवातीला चार-सहा गिगाहर्ट्झचे होते. केबलवाल्याच्या गच्चीवर त्या काळी जी अवाढव्य जाळीची तबकडी असे, ती या कंप्रतेची. डिसेंबर १९९५ मध्ये गेलेल्या इन्सॅट-२सी वर केयू पट्टा आला, २००३ नंतर घरोघरी छोट्या छत्र्या आल्या, आणि मालिकेचा शेवटचा प्रसंग व पावसाची मोठी सर एकाच वेळी येण्याचा योग घरोघर अनुभवास आला. छत्री लहान हवी तर लहर आखूड हवी आणि लहर आखूड हवी तर पावसाशी सामना आहेच.

आता आमच्या टॉवरकडे परत येतो. लहरींचे बळ डेसिबेलमध्ये मोजतात. तीन डेसिबेल गेले की बळ निम्मे, दहा गेले की एक दशांश, तीस गेले की एक सहस्रांश. तासाला शंभर मिलिमीटरच्या वेगाने पाऊस कोसळत असेल, आणि मोठ्या सरीत काही मिनिटे तो तसा कोसळतोच, तर दर किलोमीटरला सहा गिगाहर्ट्झची लहर सुमारे एक डेसिबेल गमावते, बाराची साडेपाच, तेवीसची चौदा, अडतीसची तेवीस आणि ऐंशीची तीसच्या आसपास. दुव्याला चाळीस डेसिबेलची शिल्लक ठेवली असेल, आणि ती चांगली शिल्लक झाली, तर तेवीस गिगाहर्ट्झला ती तीन किलोमीटरांत संपते. आमच्या गावच्या टॉवरपासून पलीकडच्या डोंगरापर्यंत आठ किलोमीटर. ज्याने कोणी ते अंतर ठरवले, त्याच्यापुढे बहुधा वर्षाच्या सरासरीचा तक्ता असावा, किंवा कोरड्या मुलखाचा. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले. फोनपासून टॉवरपर्यंतची लहर लांब, तिला पाऊस अडवत नाही, म्हणून काड्या पूर्ण. टॉवरपासून पुढची लहर आखूड, म्हणून वाट बंद.

याच दुखण्यातून एक नवी विद्या निघाली आहे. २००६ साली इस्रायलमधल्या तेल अवीव विद्यापीठाच्या हॅगित मेसर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की मोबाईल टॉवरांमधल्या लहरी कुठे किती क्षीण झाल्या याच्या कंपन्यांकडे असलेल्या नोंदींवरून पाऊस मोजता येतो. २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये अशा सुमारे २,४०० दुव्यांवरून संपूर्ण देशाचा पावसाचा नकाशा काढला गेला. बुर्किना फासोसारख्या, पर्जन्यमापक विरळ असलेल्या आफ्रिकी देशातही हे करून पाहण्यात आले आहे. अभियंत्याने खर्ची टाकलेले डेसिबेल हवामानवाल्याने जमेला धरले.

शाळा उघडल्यावर आम्ही बेंटलीचा प्रयोग केला. विज्ञानाच्या बाईंनी तांदळाचे पीठ नको, मैदा घ्या, असे सुचवले. शिपाईमामांनी स्वयंपाकघरातून परात आणि चाळण आणली. जूनच्या सुरुवातीला विजांसह आलेल्या पावसात परात तीन सेकंद बाहेर धरली. गोळ्या निघाल्या हुलग्याएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या. जुलैत, डोंगर दिसेनासा झाला होता अशा झडीत, तीच परात धरली. गोळ्या मोहरीएवढ्या, आणि इतक्या की मुलांनी मोजणे सोडून दिले. दोन्ही नमुने वाळवून बाटल्यांत भरले आहेत. बाटल्यांवर मुलांनी तारीख, वेळ आणि 'नेट होते / नेट नव्हते' असे लिहून ठेवले आहे. जूनच्या बाटलीवर 'नव्हते' आहे. जुलैच्या बाटलीवर दोन्ही शब्द आहेत, पहिल्यावर काट मारलेली.

दोन वर्षांमागे मधल्या टेकडीवर आणखी एक मनोरा उभा राहिला आणि आठ किलोमीटरचे दोन तुकडे झाले. तेव्हापासून नेट जाते, पण चहा होईपर्यंत परत येते. त्याच उन्हाळ्यात रस्त्याकडेने काचतंतूची तारही पुरून झाली आणि आता पावसाची कटकट संपली असे सगळे म्हणू लागले. जुलैत ओढ्याला पूर आला, मोरी खचली आणि तार मोरीबरोबर गेली. ती जोडून होईपर्यंत सतरा दिवस शाळेचे काम पुन्हा त्या तबकडीवरच चालले.